शापोऱ्याच्या चित्रावरचा एक बाण: बुरूज नेमकं कशाला म्हणायचं?

प्रकरण तसं छोटं आहे, पण जे लोक मुलांना, पाहुण्यांना किल्ले दाखवायला नेतात त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. गोव्यात बार्देस तालुक्यातल्या आमच्या ग्रुपने शाळेच्या मुलांना शापोरा किल्ल्यावर न्यायचं ठरवलं होतं. मुलांच्या हातात द्यायला मराठीतून एक माहितीपत्रक केलं, त्यात किल्ल्याचं हाताने काढलेलं चित्र, आणि चित्रावर बाण काढून नावं, दरवाजा, तट, असं. त्यातला एक बाण होता तटाच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या त्या गोल, उभट, चिंचोळ्या खोलीकडे. शापोऱ्याला गेलेल्या प्रत्येकाने तिच्याजवळ उभं राहून फोटो काढलेला असतो, कारण किल्ल्यावर दुरून उठून दिसतं ते तेवढंच. बाणापुढे लिहिलं होतं, बुरूज.

पीडीएफ ग्रुपवर पडली आणि कुडाळचे एक दादा, ज्यांनी सह्याद्रीतले गड पालथे घातलेत, त्यांनी लगेच लिहिलं, "हा बुरूज नव्हे हो, ही पहारेकऱ्याची खोली. बुरूज तुमच्या चित्रात आहे पण त्याला बाणच नाही." चित्र काढणारी ताई आर्किटेक्चर शिकलेली, तिचं म्हणणं, बुर्ज म्हणजे टॉवर, दुबईचा बुर्ज खलिफा बघा ना, मग किल्ल्यावर टॉवरसारखं जे दिसतं तोच बुरूज. मग आमचे निवृत्त मराठीचे सर आले, ते म्हणाले शब्दच मुळात बाहेरून आलेला आहे, त्यापेक्षा आपला जुना 'अट्टालक' वापरा. त्यावर पणजीचे एक काका, ज्यांचं शिक्षण पोर्तुगीज काळात झालं, ते म्हणाले किल्ला पोर्तुगिजांनी बांधला तर त्यांचा शब्द लिहा, बालुआर्त. आणि आणखी कुणीतरी मध्येच टाकलं की बालुआर्त आणि आपला बालेकिल्ला एकच शब्द असणार, ऐकायलाच सारखे आहेत. रात्रभर मेसेज चालू.

काही जणांना हा शब्दांचा कीस वाटला, मला नाही वाटला. किल्ल्यावर मुलाला जे नाव शिकवतो त्या नावाने तो पुढचे सगळे किल्ले बघतो. त्या गोल खोलीला बुरूज म्हणायला शिकला की तो ज्या भल्यामोठ्या बांधकामावर उभा आहे ते त्याला दिसतच नाही, त्याच्यासाठी ती नुसती एक सपाट जागा, सेल्फी पॉइंट. आणि तटबंदीचं सगळं डोकं त्या सपाट जागेत असतं. म्हणून म्हटलं, सगळ्यांच्या बाजू एकेक करून तपासू.

शब्द आला कुठून

बुरूज अरबीतला, यात वाद नाही. अरबीत एकवचन बुर्ज, अनेकवचन बुरूज. अर्थ उंच मनोरा, आणि आकाशातल्या बारा राशींनाही अरबीत बुर्जच म्हणतात, कुराणातल्या ८५व्या सूरेचं नावही अल-बुरूज आहे. फारसीत तो तसाच गेला, फारसी दरबाराबरोबर दख्खनच्या सुलतानांकडे आला आणि तिथून मराठीत इतका मुरला की हिरकणी बुरूज म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. मराठीत तो एक असो की दहा, बुरूजच राहतो, बुरूज ढासळला, बुरूज ढासळले.

अरबीच्या मागे गेलं तर अभ्यासक साधारणपणे ग्रीकमधल्या 'पिर्गोस'पर्यंत पोचतात, म्हणजे परत मनोराच. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये 'बुर्गुस' शब्द होता आणि तो सरहद्दीवरच्या छोट्या टेहळणी मनोऱ्याला वापरायचे, एकटादुकटा मनोरा, वर चारदोन शिपाई, शत्रू दिसला की इशारा द्यायचा.

आता बघा, व्युत्पत्तीच्या हिशोबाने आमच्या ताईचा बाण अगदी बरोबर जागी होता! पहारेकऱ्याची उंच चिंचोळी जागा हाच त्या शब्दाचा जुना अर्थ. कुडाळच्या दादांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले, पण मग म्हणाले, "मग आपण गडावर तीनशे वर्षं काय म्हणतोय ते खोटं का?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण खरं प्रकरण इथेच आहे, शब्द जिथून निघाला ती जागा आणि शब्द आज ज्या कामावर आहे ती जागा वेगळी असू शकते, आणि मधे काहीतरी घडलेलं असतं. बुरुजाच्या बाबतीत मधे घडली ती तोफ.

तोफ आली आणि मनोरा बुटका झाला

तोफेच्या आधी मनोरा जितका उंच तितका चांगला, वरून बाण मारा, दगड टाका, तेल ओता. फ्रान्सचा आठवा चार्ल्स १४९४ मध्ये इटलीत उतरला तेव्हा त्याच्याकडे ओढून नेता येतील अशा ब्राँझच्या तोफा होत्या आणि त्यातून दगडाऐवजी लोखंडी गोळे सुटायचे. उंच भिंती, उंच मनोरे गोळ्यांसमोर उभे राहीनात. शिवाय उंच मनोऱ्यावर मोठी तोफ चढवायची तर जागा नाही, तोफ उडाली की गाड्यासकट मागे सरकते, तिला मागे मोकळी जागा लागते. म्हणून इटलीतल्या बांधकाम करणाऱ्यांनी मनोरा बुटका केला, तटाच्या उंचीला आणला, आत माती भरून भक्कम केला आणि वर सपाट ठेवला. यात सांगाल्लो बंधूंचं नाव पुढे येतं.

पण नुसता बुटका करून भागलं नाही, खरी अडचण आकाराची होती. गोल मनोऱ्याच्या अगदी पुढ्यात, पायथ्याशी, एक तिकोनी जागा अशी उरते की शेजारच्या मनोऱ्यावरून कितीही वाकून मारलं तरी तिथे गोळी पोचत नाही, मधे मनोऱ्याचं पोटच येतं. शत्रू एकदा त्या जागेत घुसला की तो सुरक्षित, तिथे बसून तो निवांत सुरुंग खणतो. मग मनोऱ्याचं पोटच काढून टाकलं आणि ती तिकोनी जागा दगडमातीने भरून घेतली, म्हणजे पुढे टोक, टोकापासून मागे जाणाऱ्या दोन सरळ बाजू, आणि तटाला जोडणाऱ्या दोन आखूड बगला. बगलेत ठेवलेली तोफ समोरच्या शत्रूवर मारतच नाही, ती तटाला समांतर मारते, शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी कोण आलंय त्याला टिपते. पहिला दुसऱ्याला राखतो, दुसरा पहिल्याला.

हे कळलं की किल्ला बघायची नजरच बदलते. बुरुजावर उभं राहून समोर समुद्राकडे बघायचं नाही, बाजूला बघायचं.

या नव्या बांधकामाला इटालियनमध्ये 'बास्तिओने' म्हणाले, मूळ धातूचा अर्थ नुसता बांधणे, त्यावरूनच फ्रेंच आणि इंग्रजी बॅस्टियन. पोर्तुगिजांचा बालुआर्त मात्र वेगळ्या घरातला. तो जुन्या डच 'बोलवेर्क'मधून फ्रेंच मार्गाने आला, बोल म्हणजे लाकडाचा ओंडका, वेर्क म्हणजे काम, ओंडक्यांनी उभारलेला बांध. त्याच डच शब्दापासून फ्रेंचमध्ये 'बुलव्हार' झाला, पॅरिसचे तट चौदाव्या लुईने १६७० मध्ये पाडायला घेतले आणि त्या जागेवर झाडांचे रुंद रस्ते केले, त्या रस्त्यांना तेच नाव चिकटलं. म्हणजे लाकडी बांधापासून निघालेला शब्द एका देशात दगडी बुरूज झाला आणि दुसऱ्या देशात फिरायचा रस्ता. बालेकिल्ल्याचा याच्याशी काही संबंध नाही, त्यातला 'बाला' फारसी, वरचा या अर्थाचा. बालेकिल्ला म्हणजे गडावरचा सगळ्यात उंच, आतला किल्ला, आणि तोही बुरूज नव्हे. पेपरवाले 'अमक्या पक्षाचा बालेकिल्ला ढासळला' लिहितात तिथे इंग्रजीवाले बॅस्टियन लिहितात, बहुतेक त्यामुळे डोक्यात गोंधळ होतो.

सरांच्या 'अट्टालक'वर मी जास्त वेळ घालवला, कारण त्यात मला अनपेक्षित काहीतरी मिळालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्ग कसा बांधावा त्याचं प्रकरण आहे, त्यात तटावर तीस-तीस दंडांच्या (दंड म्हणजे लांबीचं जुनं माप) अंतराने अट्टालक बांधावेत असं सांगितलंय. आणि अट्टालकांच्या मधल्या जागेत 'इंद्रकोश' नावाची आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तीन धनुर्धारी बसतील एवढी आडोशाची जागा. मोठं बांधकाम वेगळं, त्याला वेगळा शब्द, आणि चारदोन माणसांची छोटी जागा वेगळी, तिला वेगळा शब्द. आमच्या चित्रावर नेमका हाच फरक पुसला गेला होता. पोर्तुगीजमध्येही तो आहे, मोठा तो बालुआर्त आणि कोपऱ्यावरची गोल खोली ती 'ग्वारिता', पहारेकरी ऊन-पाऊस चुकवून जिथे उभा राहतो ती. काकांनी हे सांगितल्यावर ताईने स्वतःच लिहिलं, "मग माझ्या बाणाला दोन टोकं लागणार."

शापोऱ्यावर काय दिसतं

कागदावर ठरवण्याआधी आम्ही किल्ल्यावर जाऊन यायचं ठरवलं. सकाळी लवकर, कारण नंतर वागातोरची सगळी गर्दी वर येते.

शापोऱ्याबद्दल थोडं. नदीच्या मुखाजवळच्या टेकडीवर हा किल्ला, नाव शहापूरवरून आलेलं, म्हणजे आदिलशाही काळातलं. आज जे बांधकाम दिसतं ते पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये केलेलं. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांची स्वारी बार्देसावर आली होती, तो धसका पोर्तुगिजांच्या मनात होताच, आणि नदीच्या पलीकडे पेडणे सावंतवाडीच्या भोसल्यांकडे. म्हणजे हा सरहद्दीचा किल्ला, समोरच्या काठावर शत्रू राहतो. १७३९ मध्ये भोसल्यांनी तो घेतलाही, १७४१ मध्ये परत पोर्तुगिजांकडे गेला. मग १७८८ मध्ये पेडणेच पोर्तुगिजांच्या हाती आलं, सरहद्द उत्तरेला सरकली, शापोऱ्याला काम उरलं नाही आणि १८९२ मध्ये तो सोडून दिला. आत आता जवळजवळ काहीच नाही, तट आणि बुरूज तेवढे आहेत, सगळं जांभ्या चिऱ्यांचं.

१७३९ हेच वर्ष वसईचंही, चिमाजी अप्पांच्या फौजेने मे महिन्यात वसईच्या तटाला सुरुंग लावले, सां सेबास्त्यांवच्या बुरुजापाशी खिंडार पाडलं आणि किल्ला घेतला. बुरुजाच्या पायथ्याशी पोचणं म्हणजे काय, हे मुलांना सांगायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, टोकदार बुरूज असूनही मराठ्यांनी पायथा गाठला.

तर किल्ल्यावर. शापोऱ्याचे बुरूज भूमितीच्या वहीतल्यासारखे नाहीत, टेकडी जशी वळते तसा तट वळलाय आणि बुरूज त्यावर वाकडेतिकडे, कुठे लांब कुठे जवळ. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला ते वेगळे काढता येत नाहीत, सगळा एकच तट वाटतो, आणि नजर आपोआप त्या गोल खोल्यांवर जाते. आम्ही एका कोपऱ्यावर उभे राहिलो. पायाखाली मोठी सपाट जागा, कठड्यात तोफेचं तोंड बाहेर काढायच्या रुंद खाची, इतक्या मोठ्या की दहा वर्षांचं पोर आत बसेल, आणि कोपऱ्याच्या टोकावर ती गोल खोली. दादा खोलीच्या दारात उभे राहिले, आत एक माणूस, फार तर दोन, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. भिंतीत बारीक फट, डोळा लावायला किंवा बंदुकीची नळी बाहेर काढायला. दादा आतूनच म्हणाले, "इथे तोफ आणून दाखवा." तिथेच आमची कसोटी मिळाली, तोफ मावते तो बुरूज, माणूस मावतो ती चौकी. मुलांना हे एका वाक्यात समजतं, व्याख्या पाठ करायला नको.

दुसरी गोष्ट आम्ही करून बघितली ती बाजूला बघण्याची. एक जण तटाच्या बाहेरच्या पायवाटेने, जिथे पाय ठरतो तेवढंच, खाली चालत गेला आणि आम्ही वरून बघत राहिलो की तो कधी दिसतो, कधी नाहीसा होतो. ज्या कोपऱ्यावर आम्ही होतो त्याच्या अगदी पायथ्याशी आला की तो आम्हाला दिसेनासा व्हायचा, पण पुढच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या ताईला तो लख्ख दिसत होता, तिथून ती ओरडून सांगायची. सगळीकडे असं झालं नाही हेही सांगायला हवं, काही ठिकाणी चिरे ढासळलेत आणि झुडपं वाढलीत, तिथे कुणालाच दिसला नाही. पण जिथे झालं तिथे बुरूज म्हणजे काय ते कळलं. मुलांबरोबर हे करायचं तर खाली फक्त मोठ्या माणसाने जायचं, उतार घसरडा आहे, पावसाळ्यात तर अजिबात नको. आणि खाचींत बसून फोटो काढू देऊ नका, जांभा वरून घट्ट वाटतो पण पावसाने आतून पोखरलेला असतो, कडेचा चिरा कधी सुटेल सांगता येत नाही.

मग काय लिहिलं

व्युत्पत्ती ताईच्या बाजूने होती, वापर दादांच्या. मी ग्रुपवर वापराच्या बाजूने मत दिलं. मराठीत किल्ल्याच्या संदर्भात बुरूज म्हणजे तटातून पुढे आलेलं, तोफा ठेवायचं बांधकाम, गोल असो की टोकदार, हा अर्थ लोकांनी गड लढवताना घडवलाय, तो मूळ अरबी अर्थासाठी मोडायचं काही कारण नाही. बुर्ज खलिफा दुबईत ठीक आहे, तिथे तो जुन्या अर्थानेच आहे.

फक्त बालुआर्त लिहायला माझा विरोध होता, कारण मग मुलांना वाटतं की पोर्तुगिजांचं काहीतरी वेगळंच आहे आणि आपले बुरूज वेगळे. काम एकच आहे, आकार वेगळा. पण काकांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नव्हतं, गोव्यात वाढणाऱ्या मुलाला जुन्या पोर्तुगीज नकाशावर बालुआर्त शब्द दिसला तर तो ओळखता आला पाहिजे. म्हणून दोन्ही घेतले, बुरूज ठळक आणि खाली बारीक अक्षरात पोर्तुगीज नाव. अट्टालक चित्रावर नाही घातला, सर थोडे नाराज झाले, मग त्यांनाच मागच्या पानावर अट्टालक आणि इंद्रकोश यांवर चार ओळी लिहायला सांगितल्या आणि त्यांनी त्या फार सुंदर लिहिल्या.

चित्रावर आता दोन बाण आहेत. सपाट जागेकडच्या बाणापुढे असं लिहिलंय: "बुरूज. तटातून पुढे काढलेली भक्कम जागा, इथे तोफ ठेवून शेजारच्या तटाचा आणि शेजारच्या बुरुजाचा पायथा राखतात. पोर्तुगीज नाव बालुआर्त." गोल खोलीकडच्या बाणापुढे: "पहाऱ्याची चौकी. एकदोन शिपायांची टेहळणीची जागा. पोर्तुगीज नाव ग्वारिता." चौकी हा शब्द दादांनी सुचवला, पोलीस चौकीमुळे तो मुलांना माहीत असतोच.

त्यानंतर मुलांना घेऊन गेलो तेव्हा एका मुलीने विचारलं की चौकी बुरुजाच्या टोकावरच का, मधे का नाही. तिला टोकावर नेऊन उभं केलं आणि म्हटलं तूच सांग. टोकावरून बुरुजाच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात, मधे उभं राहिलं की एकही नीट दिसत नाही, तिने स्वतः शोधून काढलं. हे उत्तर आता पत्रकात घातलंय, तिच्याच शब्दांत.

पुढचं पत्रक हळदोण्याजवळच्या कोरजुवें किल्ल्याचं करतोय. तो १७०५ चा, छोटा, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यामुळे कोण कोणाला राखतो हे तिथे शापोऱ्यापेक्षा पटकन दिसतं. त्या चित्रावर बगल आणि टोक यांनाही बाण द्यायचे असं ताईने ठरवलंय, पहिला कच्चा आराखडा ग्रुपवर टाकलाय, ज्यांना बघायचाय त्यांनी या आठवड्यात बघून घ्या, नंतर छपाईला जाणार.